गाडीची लिफ्ट: आधी जमीन पाहा, मग यंत्र

बुलढाणा जिल्ह्यात गाडीच्या पोटाखाली जाण्याच्या तीन रीती सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. एसटीच्या आगारात बस उचलतच नाहीत. ती लांबट खड्ड्यावर उभी करतात आणि मेकॅनिक खड्ड्यात उतरतो. वॉशिंग सेंटरवर जमिनीतून एकच जाड, चकचकीत दांडा वर येतो आणि अख्खी जीप घेऊन उभा राहतो. तिसरी रीत घरची: पोर्चमध्ये गाडीबरोबर मिळालेला जॅक, शेजारी रचलेल्या दोन विटा आणि पाठीवर सरकत खाली गेलेला माणूस. पहिल्या दोन ठिकाणी वजन कशावर पेलायचे याचा कोणीतरी आधी विचार केलेला असतो. तिसऱ्या ठिकाणी तो कोणीच केलेला नसतो, आणि जीव तिथेच सर्वांत जास्त धोक्यात असतो.

गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याचा तळ हाताच्या पंजाएवढा. गाडी थोडी पुढे-मागे झाली तरी तो कलतो. विटेचे तर त्याहून वाईट. भिंतीत चारी बाजूंनी बांधलेली वीट भार पेलते, पण सुट्या विटेच्या एका कडेवर टनाचा भार आला तर ती आधी तडा दाखवून सावध करत नाही, एकदम फुटते.

म्हणूनच हल्ली काही घरांमधून लिफ्टची चौकशी होते. आपल्या गाडीचे ऑइल स्वतः बदलणारे हौशी लोक, दोन गाड्या आणि ट्रॅक्टर असलेली शेतकरी कुटुंबे, घराला लागूनच गॅरेज चालवणारे मिस्त्री यांना ती खरेच उपयोगी पडू शकते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न मात्र बहुधा चुकीचा विचारला जातो. 'किती टनांची?' हा प्रश्न हवा, पण त्याचा क्रम चौथा आहे. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: लिफ्ट ज्यावर उभी राहणार ती जमीन कसली आहे, वर छत किती उंच आहे, आणि तेल गळले किंवा वीज गेली तर वर गेलेली गाडी कशाच्या आधारावर राहणार आहे.

जमिनीचा प्रश्न या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि लोकही बोलताना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असेच म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख. इथे बऱ्याच ठिकाणी थोडे खणले की मुरूम लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोलवर आहे. कापसाला ती मानवते, बांधकामाला मात्र छळते. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, आणि घराच्या पोर्चचा कोबा दर दोन-तीन वर्षांनी तडकतो तोही यामुळेच. काळ्या मातीचा हा स्वभाव इतका त्रासदायक आहे की रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खास पाइलची पद्धत विकसित केली आणि तिचे भारतीय मानकही झाले.

पोर्चचा कोबा थोडा तडकला म्हणून उभ्या गाडीला काही होत नाही. दोन खांबांच्या लिफ्टचे तसे नाही. ही लिफ्ट फक्त जमिनीवर दाब देत नाही, ती जमिनीतून उपटून यायला बघते. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरली तर सहज पेलते. तीच हात लांब करून धरली की पाठ आणि टाचा ताणल्या जातात. लिफ्टचा खांब गाडी अशीच हात लांब करून धरतो. ढोबळ हिशेब करून पाहावा. गाडी २ टनांची असेल तर प्रत्येक खांबाच्या वाट्याला १ टन येतो. हा भार तळपट्टीच्या आतल्या कडेपासून पाऊण मीटर आत असेल आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट त्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर असतील, तर त्या बोल्टांवर जवळपास २ टनांची वरच्या दिशेने ओढ बसते. बोल्ट कितीही चांगला असो, तो ज्या काँक्रीटमध्ये रुतला आहे तेच पोकळ निघाले तर काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊन तो बाहेर येतो.

आपल्याकडचे पोर्च या हिशेबाने बांधलेले नसतात. जोत्यात माती आणि मुरुमाचा भराव, वर दगडाचे सोलिंग, त्यावर ७५ ते १०० मिलिमीटरचा कोबा आणि वर टाइल्स किंवा शहाबादी फरशी, असा सगळा प्रकार असतो. फरशी आणि तिच्याखालचा मसाला यांत गेलेली बोल्टची लांबी आधाराच्या हिशेबात धरताच येत नाही. लिफ्टचे उत्पादक सामान्यतः किमान १०० ते १५० मिलिमीटर जाडीचे सलग काँक्रीट मागतात आणि त्याची ताकद एम-२० दर्जाची, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब पेलणारी, किंवा त्याहून जास्त हवी असते. बोल्ट स्लॅबच्या कडेपासून आणि सांध्यापासून दूर असावा लागतो. हे आकडे प्रत्येक लिफ्टच्या पुस्तिकेत छापलेले असतात. ते किमान आकडे असून चांगल्या, न हलणाऱ्या जमिनीसाठी आहेत, हे घाटाखालच्या वाचकाने विसरू नये.

आणखी एक गोष्ट फार कमी विक्रेते विचारतात. पाणीटंचाईच्या या जिल्ह्यात बऱ्याच घरांच्या पोर्चखाली पाण्याची टाकी बांधलेली असते. काही ठिकाणी शौचालयाची टाकीही तिथेच असते. टाकीच्या झाकण-स्लॅबवर लिफ्टचा खांब रोवणे म्हणजे थेट अपघाताला आमंत्रण. घर जुने असेल, वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेले असेल, तर ड्रिल मशीन आणण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला विचारून टाक्या आणि पाइप कुठून गेले आहेत हे कागदावर काढून घ्यावे.

जागा रिकामी आणि लिफ्ट हवीच असेल तर खरे काम तळापासूनच करावे लागते. काळी माती उकरून काढायची, मुरूम थरांमध्ये पाणी मारून धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकून बसवायचा, आजूबाजूचे पावसाचे पाणी बाहेर वळवायचे आणि दोन्ही खांबांखाली सलग जाणारा, सळयांची जाळी घातलेला जाड पाया ओतायचा. जाडी किती आणि सळई कोणती हे स्थापत्य अभियंत्याने माती पाहून ठरवावे. हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडण्याचे काम नाही. काँक्रीटला किमान आठवडाभर, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारावे. त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. त्याआधी बोल्ट आवळू नयेत. खामगाव-मलकापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मारण्यात एका दिवसाचा खंड पडला तरी वरचा थर कच्चा राहतो. म्हणून हे काम हिवाळ्यात काढलेले बरे.

आता छत. पोर्चचा स्लॅब बहुधा १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असतो. बीम खाली उतरलेला असेल तर हाती २.८ मीटर राहतात. बोलेरोची उंची १.८८ मीटर आहे. वजाबाकी केली तर उरतात ९२ सेंटिमीटर, आणि त्यातून वर थोडी मोकळी जागा सोडायचीच आहे. स्विफ्टसारखी सुमारे दीड मीटर उंचीची गाडी सव्वा मीटरपर्यंत जाईल. म्हणजे ताठ उभे राहून काम करायचे म्हणून दोन खांबांची लिफ्ट घ्यायची, आणि छतामुळे ती अर्ध्यावरच थांबवायची. मागचे दार वर उघडणारी गाडी असेल तर तेवढीही उंची मिळत नाही.

या दोन अडचणींमुळेच घरासाठी कात्रीसारखी उघडणारी, मीटरभर उचलणारी बुटकी लिफ्ट अनेकदा जास्त शहाणपणाची ठरते. तिचा तळ रुंद असतो, भार बराचसा सरळ खाली जातो आणि बोल्ट उपटण्याची ओढ दोन खांबांच्या मानाने फार कमी असते. चाके, ब्रेक, सस्पेन्शन ही कामे स्टुलावर बसून आरामात होतात. उणीव एकच: गाडीच्या मधोमध यंत्रच उभे असते, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायचा किंवा सायलेन्सरचे काम करायचे तर हात पोहोचत नाही. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी राहते. खाली दुसरी गाडी लावायला ती उत्तम, पण चाक काढायचे तर वर वेगळा जॅक लागतो आणि जागाही खूप खाते. वॉशिंग सेंटरच्या एका दांड्याच्या लिफ्टचा मोह घरी धरूच नये. तिचा सिलिंडर जमिनीत खोल पुरावा लागतो, कॉम्प्रेसर लागतो, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या काळ्या मातीत पुरलेले लोखंड गंजते ते कोणाला दिसत नाही.

तिसरा प्रश्न, वर गेलेली गाडी कशाच्या आधारावर राहणार हा, या सगळ्यात जास्त मोलाचा. द्रवाच्या दाबाने ओझे उचलण्याचे तत्त्व सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडले. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पीटर लुनाटी याने त्याच तत्त्वावर मोटारगाडी उचलणारी लिफ्ट तयार केली. तत्त्व पक्के आहे. पण लिफ्टमधले तेल एका रबरी सीलच्या आत कोंडलेले असते. सील झिजते, नळी फुगते, तेलात कचरा गेला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. म्हणून चांगल्या लिफ्टमध्ये तेलाचे काम गाडी वर नेऊन पोहोचवण्यापुरते असते. वर गेल्यावर प्रत्येक खांबात लोखंडी खटका दात्यात अडकतो आणि गाडी थोडी खाली आणून त्या खटक्यांवर टेकवली जाते. त्यानंतर तेलाचा थेंबही उरला नाही तरी गाडी तिथेच राहते.

खरेदी करताना हे डोळ्यांनी पाहावे. विक्रेत्याला गाडी चढवून दाखवायला सांगावे. वर जाताना दोन्ही खांबांतून खटक्यांचा आवाज बरोबरीने येतो का ते ऐकावे. मग गाडी खटक्यांवर टेकवून मुख्य स्विच बंद करायला लावावा. दोन्ही बाजू सारख्या उचलण्यासाठी खांबांमध्ये पोलादी दोर असतात. ते ढिले आहेत का, त्यांचे धागे सुटले आहेत का हे पाहावे. बटण सोडताच लिफ्ट थांबली पाहिजे. बोट काढल्यावरही चालत राहणारी लिफ्ट मुलाबाळांच्या घरात नको. वीज नसताना गाडी सावकाश खाली आणण्याची सोय आहे का, तेही तिथेच करून पाहावे. काही लिफ्ट तेलाऐवजी मोटरने फिरणाऱ्या लांब स्क्रूवर चालतात. त्यात भार पेलणाऱ्या नटाखाली दुसरा सुरक्षा नट असतो आणि दोघांमधले अंतर कमी झाले की पहिला झिजला असे समजते. ते अंतर मोजण्याची पद्धत दाखवता न येणारा माणूस ती लिफ्ट विकायला लायक नाही.

नाव मोठे म्हणून खटका पक्का असेल असे धरून चालू नये, याचा धडा अमेरिकेत २०२० मध्ये मिळाला. तिथल्या हार्बर फ्रेट या मोठ्या दुकानसाखळीने 'पिट्सबर्ग' नावाने विकलेले ३ आणि ६ टनांचे लाखो जॅक-स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे आधार, परत बोलावले. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काही स्टँडचे दाते खटक्यात नीट बसत नव्हते आणि भाराखाली निसटण्याचा धोका होता. त्यांच्या बदल्यात ग्राहकांना दिलेल्या काही नव्या स्टँडच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि त्याच वर्षी तेही परत घ्यावे लागले.

मग भरवसा कशावर ठेवायचा? तपासणीच्या कागदावर. अमेरिकेत १९४५ पासून काम करणारी ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासून घेतलेल्या लिफ्टना सोनेरी लेबल देते आणि त्यांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते. युरोपात गाड्यांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, आणि तिथल्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशात या लिफ्ट जास्त जोखमीच्या यंत्रांच्या यादीत घातल्या आहेत. आपल्या बाजारात बाहेरून येणाऱ्या बऱ्याच लिफ्टवर 'सीई'चा स्टिकर असतो. नुसता स्टिकर कोणीही छापू शकतो. तपासणी कोणी केली, कोणत्या मानकाप्रमाणे, प्रमाणपत्राचा क्रमांक काय आणि त्यावर याच मॉडेलचे नाव आहे का, एवढे विचारावे. भारतातही कोइम्बतूरच्या एटीएस एल्जीसारख्या कंपन्या गॅरेजसाठी लिफ्ट बनवतात. देशी घ्या वा परदेशी, सुटे भाग आणि दुरुस्तीचा माणूस अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरहून किती दिवसांत येईल, हे लेखी घेतलेले बरे.

चौथा प्रश्न टनांचा. स्विफ्टचे वजन साधारण ९०० किलो, बोलेरोचे १,६०० किलोच्या आसपास, तर फॉर्च्युनर २ टनांच्या पुढे. त्यामुळे ३ ते ४ टनांची लिफ्ट घरगुती गाड्यांना पुरते असे वाटते, आणि बहुतेकदा ते खरेही असते. पण दोन खांबांच्या लिफ्टच्या पाटीवरचा आकडा प्रत्येक खांबाचे दोन, अशा चार हातांचा मिळून असतो. ४ टनांच्या लिफ्टचा एक हात १ टनासाठी असतो आणि बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे असल्यामुळे पुढचे दोन हात जास्त ओझे घेतात. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवला की तोल एकदम मागे सरकतो; वर चढवताना जुळलेला तोल काम संपेपर्यंत तसाच राहत नाही.

हात कुठे टेकवायचे हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. बोलेरोला खाली शिडीसारखी भक्कम चौकट आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांना वेगळी चौकट नसते, त्यांचे आधारबिंदू दारांखालच्या पट्टीवर ठरावीक जागी असतात, आणि तिथून चार बोटे सरकले तरी पत्रा आत जातो. विजेवरच्या गाडीत बॅटरी तळाला पसरलेली असते, तिला हाताची टोपी लागता कामा नये. चाके जमिनीवरून वीतभर उचलली की थांबावे, गाडी हाताने हलवून पाहावी, चारही टेकू पुन्हा बघावेत आणि मगच वर न्यावी.

विजेचे थोडक्यात. अशा लिफ्टना साधारण ३ अश्वशक्तीची मोटर असते. सिंगल फेजवर ती १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. शेतीपंपाच्या जोडणीवरून थ्री फेज ओढणे वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरते.

बंद पडलेल्या गॅरेजची जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते, आणि फसगत इथेच होते. नवा रंग मारला की वेल्डिंगची भेग दिसत नाही. जुने बोल्ट परत वापरायचे नसतात. मूळ पुस्तिका आणि अनुक्रमांकाची पाटी नसलेली लिफ्ट भंगाराच्या भावातही महाग आहे.

खड्डा खणून काम भागवू असे काहींना वाटते. आगारात तो चालतो, कारण तिथे मोकळी हवा, उजेड आणि शिस्त असते. घराच्या बंद जागेत मात्र पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतात आणि दिव्याच्या एका ठिणगीने पेट घेतात. घाटाखाली पावसाळ्यात त्यात पाणीही भरते.

खरे सांगायचे तर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना लिफ्टची गरजच नाही. वर्षातून दोनदा ऑइल आणि कधीमधी ब्रेक पाहायचे असतील, तर रुंद तळाचा २ ते ३ टनी ट्रॉली जॅक आणि त्याच ताकदीचे चार स्टँड, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात, एवढे साहित्य पुरते. त्यातही आडवी लोखंडी पिन भोकातून आरपार जाणारे स्टँड घ्यावेत. पिन बसली की नाही हे डोळ्यांना दिसते. सपाट, टणक जमीन, गिअर आणि हँडब्रेक लावलेला, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवलेली आणि काढलेले चाक गाडीच्या पट्टीखाली आडवे सरकवलेले. एवढे केले की स्टँड चुकून निसटला तरी गाडी चाकावर अडते. शेतात ट्रॅक्टर अडला तर जॅकखाली जाड, रुंद फळी हवीच. ओल्या काळ्या मातीत जॅकचा लहान तळ सरळ रुततो. आणि कामाला दोन माणसे असावीत. एक खाली असताना दुसऱ्याने लिव्हरला हात लावू नये, हाकेच्या अंतरावर मात्र राहावे.

हे शिकवणारी माणसेही जवळच आहेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो आणि गाडी उचलण्या-टेकवण्याची शिस्त त्यात सुरुवातीलाच येते. ज्यांना लिफ्ट बसवायचीच आहे त्यांनी तिथल्या निदेशकांशी एकदा बोलावे. त्यानंतर विक्रेत्याकडून पायाचा नकाशा, काँक्रीटची जाडी आणि दर्जा, बोल्टचा आकार आणि तो किती आवळायचा हे लेखी मागावे, आणि तो कागद स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच आगाऊ रक्कम द्यावी. पायाचा नकाशा द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करेल, त्याच्याकडून लिफ्ट घेऊ नका.